आबांच्या रक्ताचा पीएच

बारावीचं प्रात्यक्षिक होतं. ॲसिटिक आम्लात ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं सोडायचं, प्रत्येक वेळी पीएच मोजायचा आणि आलेख काढायचा. कॉलेजला निघण्याआधी मी आबांची पिशवी भरली होती: टॉवेल, खोबरेल, धुतलेली लुंगी. आबा, माझे वडील, आयसीयूत होते, लुंगी लागणार नव्हती, तरी भरली. काही सुचेनासं झालं की मी पिशव्या भरते.

"मॅडम, हे हलंना की," एक मुलगी म्हणाली. "एवढं ओतलं तरी आकडा तिथंच."

"तिथं बफर तयार झालंय. पडेल ते सोसतंय. तू सोडत राहा."

तेवढ्यात भावाचा फोन आला. दवाखान्यात तो होता. आई गडमुडशिंगीला घरी, म्हशीपाशी.

"आक्का, रक्ताचा रिपोर्ट आला. झ्याक हाय! काल सात पॉइंट तीन हुतं, आज सात पॉइंट एक. सातकडं सरकतंय की."

"झ्याक म्हणून कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? सात म्हंजे न्यूट्रल. दहावीला तूच डोस्क्यात घातलंस, कान पिरगाळून."

"फोटो पाठव," एवढंच म्हणाले.

दहावीला शिकवलं ते पाण्यापुरतं बरोबर होतं. रक्ताला सात पॉइंट चारच्या आसपासच राहावं लागतं, आणि त्याला तिथं धरून ठेवतं ते मुख्यतः बायकार्बोनेटचं बफर. आबांची मूत्रपिंडं बंद पडल्यापासून रक्तात आम्ल साठत होतं आणि बायकार्बोनेट ते गिळत होतं. डायलिसिस त्यांच्या रक्तदाबाला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

फोटो आला. बायकार्बोनेट आठ, निरोगी माणसाचं चोवीसच्या आसपास असतं. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड काढला, शून्य पॉइंट आठ. तोही कमीच, कारण आबा सकाळपासून धापा टाकून तो बाहेर फेकत होते. शरीराच्या हातात तेवढंच उरलं होतं. आठ भागिले शून्य पॉइंट आठ, दहा. दहाचा लॉग एक. त्यात सूत्रातले ठरलेले सहा पॉइंट एक मिळवले. सात पॉइंट एक. उत्तर जुळलं. एरवी उत्तर जुळलं की मी मुलांना शाबासकी देते.

"मॅडम, आकडा पळाला!" मागून ती मुलगी ओरडली. "दोन थेंबात कुठल्या कुठं गेला!"

मी बाहेर व्हरांड्यात येऊन भावाला फोन लावला.

"आईला आत्ता घेऊन ये."

"उद्या आणतो की. वैरण कोण टाकणार? आणि आत्ताच तिला सांगितलं, आबा सुधारल्यात म्हणून. देवळात नारळ फोडायला गेलीया."

"रक्ताला सात चालत नाही रे. सात पॉइंट एक म्हणजे शेवटाकडचं आहे. तोंड द्यायला आत काही उरलं नाही त्यांच्या."

तो मग म्हणाला, "मग दहावीला तसं का न्हाय सांगितलंस?"

"अभ्यासक्रमात नव्हतं."

मी दवाखाना गाठला. तो मोटरसायकलवरून आईला आणायला गेला. वाटेत तिला सांगायचं त्याच्यानं झालं नाही. आई ठेवणीतलं लुगडं नेसून, पदराच्या गाठीला खोबऱ्याचा तुकडा बांधून आली. आबांनी डोळे उघडले.

"रिपोर्ट चांगला आलाय न्हवं तुमचा," आई म्हणाली.

आबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. श्वासाच्या मधल्या फटीत एकच शब्द काढला. "धार?"

"काढून आलोय," आई म्हणाली. म्हशीच्या धारेला अजून वेळ होता.

सिस्टरनी खोबरं देऊ दिलं नाही. आईनं ते मुठीत धरलं आणि दुसऱ्या हातात आबांचा हात. दिवस मावळायच्या आत आबा गेले. तोवर तो हात तिनं सोडला नाही.

आजही जेवताना ती मधेच म्हणते, "रिपोर्ट तर चांगला आलता. मग कसं झालं?"

भाऊ ताटातून मान वर करून माझ्याकडं बघतो. मी आईला भाकरी वाढते आणि उद्या बाजारातून काय काय आणायचं ते विचारते.