तात्यांच्या पत्रातली मोकळी जागा

तात्या गेले हे कळलं तेव्हा मी कोल्हापूरच्या कोर्टात पुकाऱ्याची वाट बघत होते. त्यांच्या मुलीचा फोन होता. आता महिना होऊन गेला, तरी एखादा मुद्दा अडला की हात त्यांच्याच नंबराकडे जातो… ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकले आणि ज्यांच्याशी बारा वर्षं एकाच मुद्द्यावरून भांडले, ते हे माझे सीनियर.

भांडणाचं मूळ इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराच्या केसमध्ये होतं. त्याच्या नोकरीसाठी तात्या खालपासून हायकोर्टापर्यंत लढले. दिल्लीत मात्र, सुप्रीम कोर्टाच्या नियमाप्रमाणे, कागद दाखल करायला तिथं नोंद असलेल्या वकिलाचीच सही लागते, आणि त्यानं सांगितल्याशिवाय दुसऱ्या वकिलाला बोलताही येत नाही. त्या वकिलानं केस घाईत वाचली, दोन मिनिटांत अपील फेटाळलं गेलं, आणि सगळी केस तोंडपाठ असलेले तात्या मागच्या बाकावर गप्प बसून राहिले. परत आल्यावर त्यांनी मला घटना उघडून दाखवली : सुप्रीम कोर्ट आपले नियम करतं, पण संसदेच्या कायद्याला अधीन राहून. तेव्हापासून निवडून येईल त्या खासदाराला त्यांचं पत्र ठरलेलं : कायदा करा, हा नियम बदला.

मला ते पटायचं नाही. "तात्या, आज संसद सहीचा नियम बदलेल, उद्या कुठली केस ऐकायची तेही सरकारच ठरवेल."

"अगं, संसद म्हंजे त्या कामगाराचं मत की! कोर्टाचं दार कसं उघडायचं त्यात त्यानं बोलायचं न्हाय व्हय?" एवढं दणक्यात म्हणून ते चहा मागवत, आणि चहा आला की विषय संपे. कोल्हापुरात सर्किट बेंच आलं तेव्हा मला पेढा भरवतानाही म्हणाले, "हायकोर्ट दारात आलं. दिल्ली अजून लांबच हाय." माझं म्हणणं ते कानावरच घेत नाहीत, याचा मला खरंच राग होता.

परवा तात्यांच्या उचगावच्या घरी त्यांच्या मुलीनं खासदारांना लिहिलेल्या पत्रांच्या प्रतींची फाइल माझ्या हातात ठेवली. प्रत्येक पत्रात दुसरा परिच्छेद तोच : 'माझ्या ज्युनियरचा याला आक्षेप आहे आणि तो मला खोडता आलेला नाही.' खाली माझं म्हणणं, माझ्यापेक्षा नीट मांडलेलं. मी तिथंच रडले. शेवटचं पत्र अर्धवट होतं. दुसऱ्या परिच्छेदाची जागा मोकळी, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेलं : 'हे तिलाच लिहू दे.'

काल मी ते लिहिलं, आक्षेप जराही सौम्य न करता, आणि पत्र पोस्टात टाकलं. उत्तर आलंच, तर त्यावर भांडायला आता समोर कोण आहे, तात्या?