स्नेहलतागंजमधल्या तीन सकाळी

संगमनेरहून पहाटे निघून नाशिक गाठलं आणि सात वाजता इंदूरच्या बसमध्ये बसलो. जानेवारीचे दिवस होते. इंदूरमधल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी तीन दिवसांच्या प्रार्थनासभेसाठी मला बोलावलं होतं. विषय त्यांनीच कळवला होता: रोजचं शास्त्रवाचन, म्हणजे बायबल वाचणं, आणि रोजची प्रार्थना. मी निवृत्त शिक्षक, आमच्या चर्चच्या पंच कमिटीत वीस वर्षं. या विषयावरचं माझं भाषण बऱ्याच गावांत लोकांना आवडलं होतं, त्यामुळे तयारी करावी असं मनातही आलं नाही. जुनी टाचणं पिशवीत घातली आणि निघालो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी स्वतः रोज वाचत नव्हतो. रविवारी चर्चमध्ये वाचायचो, कुणाच्या घरी सभा असली की वाचायचो. पण सकाळी एकट्याने बसून वाचणं आणि प्रार्थना करणं कधी थांबलं, ते मलाही सांगता आलं नसतं. त्याचं दुःख नव्हतं. माझं सगळं ठीक चाललंय, असंच मला वाटत होतं.

शिरपूरनंतर घाट लागला. सेंधव्याला बस थांबली तेव्हा कापसाने भरलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. दुपारनंतर खलघाटचा पूल आला. खाली नर्मदा रुंद आणि संथ होती. बसमधल्या निम्म्या लोकांनी हात जोडले.

मला राऊला उतरायचं होतं. राऊ म्हणजे इंदूरच्या अलीकडचं गाव, आता कॉलेजं आणि नव्या वसाहतींनी शहराला चिकटलेलं. तिथे सुनील उजागरे गाडी घेऊन उभा होता. चाळिशीचा, एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. माझी व्यवस्था त्याच्याच घरी होती.

"सरजी, सफर कसा झाला? थकले असाल," तो म्हणाला. "आई सुबहपासून वाट बघतेय. तुम्हाला बोलवायचं तिनेच जिद्दीने ठरवलं."

त्याची आई शांताबाई. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त नर्स. घर रेल्वे स्टेशनजवळ स्नेहलतागंजमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला होता, हे सुनीलने वाटेतच सांगितलं. चालणं जवळपास पूर्ववत झालं होतं. बोलणं मात्र सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवल्यासारखं.

"सलाम, सर," दारातच त्या म्हणाल्या. "चाय घ्या पहिले. बाकी नंतर."

जेवायला दाल-बाफले होते. (बाफला म्हणजे आधी उकडून मग भाजलेला कणकेचा गोळा, तुपात बुडवून वाढतात.) दोन खाल्ले आणि तिसऱ्याला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता शांताबाई आंघोळ करून टेबलापाशी बसलेल्या होत्या. मी बाहेर येताच त्यांनी शास्त्र माझ्यापुढे सरकवलं.

"आज तुम्ही वाचा. तुमच्या रोजच्या वाचनात आज जे असेल, तेच. आम्ही तुमच्याबरोबर."

मध्येच कुठेतरी पान उघडलं. नेमकी वंशावळ निघाली. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा आणखी कोणी. मी अडखळत वाचत राहिलो. काही नावं माझ्या तोंडात बसेनात.

"काल कुठे थांबला होता?" वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"याच्या आधीच्या अध्यायात," मी म्हणालो.

साठी उलटलेल्या माणसाला इतक्या सहज खोटं बोलता येतं, याचं मला त्या वेळी नवलही वाटलं नाही.

दहा वाजता चर्चमागच्या हॉलमध्ये सभा होती. तीस-पस्तीस माणसं. काही पिढ्यान्‌पिढ्या इंदूरची, काही पुण्या-नगरहून नोकरीसाठी आलेली. मी टाचणं काढली आणि भाषण दिलं. ठरलेल्या जागी लोक हसले, ठरलेल्या जागी गंभीर झाले. शेवटी पुष्कळ जणांनी हात मिळवले. सभेची व्यवस्था पाहणारे शिंदेकाका म्हणाले, "बढिया झालं, सर. असंच चालू द्या."

दुपारी एकटाच लालबाग बघायला गेलो. राजघराण्याचा महाल, आता संग्रहालय. परतताना उलट्या दिशेच्या बसमध्ये चढलो आणि पुन्हा राऊपर्यंत जाऊन आलो. घरी पोचलो तेव्हा सुनीलने हसत गराडू पुढे केले. (हा थंडीतला कंद, तुकडे तळून वर लिंबू आणि मसाला.) प्रवासाचा सगळा वैताग त्या बशीत विरघळला.

दुसरी सकाळ. मला पुढचा अध्याय वाचणं भाग होतं, कारण तो माझ्या 'रोजच्या वाचनातला' होता. पुन्हा नावंच. सुनील ऑफिसला लवकर जायचं म्हणून उठून गेला. शांताबाई बसून राहिल्या.

"सर, एक बोलू? बुरा नका मानू."

"बोला ना."

"बारा वर्षांपूर्वी मी संगमनेरला आले होते, भाचीच्या लग्नाला. त्या रविवारी तुमचं भाषण ऐकलं. हेच. त्याच्या आधी मी शास्त्र फक्त चर्चमध्ये उघडायचे. दुसऱ्या दिवसापासून रोज सुबह वाचायला लागले."

त्या थांबल्या. शब्द जमवायला त्यांना वेळ लागत होता. मी वाट पाहिली.

"मग हा झटका आला. बोलणं बिलकुल गेलं. प्रभूची प्रार्थना लहानपणापासून पाठ, ती पण गेली. त्यातला 'पित्या' एवढा एक शब्द यायला मला सोळा दिवस लागले. पण सहा वाजता उठून या कुर्सीवर बसायची आदत होती, म्हणून रोज बसत राहिले. आदत नसती तर बसले नसते. तुमच्यामुळे आदत लागली. म्हणून तुम्हाला बोलवलं."

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

"काल तेच भाषण ऐकलं. उदाहरणं पण तीच. मला बरं वाटलं. पण मनात आलं," त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, "इतक्या वर्षांत प्रभूने तुम्हाला नवीन काहीच नाही सांगितलं का?"

खाली कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजत होतं. मी पुढ्यातलं शास्त्र मिटलं. मग मी सांगितलं. रोजचं वाचन नाही. वंशावळ आधी कधी वाचलीच नव्हती. काल खोटं बोललो. वर्षानुवर्षं लोकांना उठवत आलो आणि स्वतः झोपून राहिलो.

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, त्यांनी मला समजावलंही नाही. एवढंच म्हणाल्या, "नावं वाचताना मला लागलं होतं, हा माणूस इकडे पहिल्यांदाच आलाय." मग थोड्या वेळाने, "उद्या साडेपाचला उठा. आपण आधी चूप बसू. वाचणं नंतर."

त्या दिवशीचं भाषण मी कसंबसं पार पाडलं. टाचणं समोर होती, पण नजर शांताबाईंकडे जाईल म्हणून मी ती वर उचललीच नाही.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला आम्ही बसलो. दहा मिनिटांत मला तीनदा चहा आठवला आणि एकदा बसचं तिकीट. प्रार्थना म्हणून डोक्यात तयार वाक्यं येत होती. ती बाजूला सारल्यावर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. मी फक्त म्हणालो, "प्रभू, मला तुझ्याशी बोलायची सवय राहिलेली नाही." शांताबाईंनी 'आमेन' म्हटलं आणि एक छोटं स्तोत्र वाचलं, एकेक शब्द घेत. मी आयुष्यात कुणाचं वाचन इतक्या लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं.

सभेत मी टाचणं काढली नाहीत. जे घडलं ते सांगितलं, शांताबाईंचं नाव त्यांची परवानगी घेऊन. वीस मिनिटांत संपलं. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरची एक बाई डोळे पुसत होती. राऊच्या कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, माझंही असंच आहे." शिंदेकाका मात्र नाराज दिसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सरजी, पहिल्या दिवसाचं जास्त जमलं होतं."

सोमवारी सकाळी सुनीलने पोहे-जलेबी खाऊ घातली आणि बसमध्ये बसवून दिलं. घरी पोचायला रात्र झाली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठून स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलो. सुमनला, माझ्या पत्नीला, जाग आली. "कुठे जायचंय का?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो आणि इंदूरला काय झालं ते सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. तिने गॅसवर चहा ठेवला. मग म्हणाली, "मला माहीत होतं तुम्ही वाचत नाही ते. मीही कुठे वाचत होते!"

याला आता चार महिने होतील. काही दिवस वाचलेलं जराही आत जात नाही. तापाने आजारी होतो तेव्हा पाच दिवस बुडाले. पूर्वी असं झालं असतं तर मी ते कुणाला कळू दिलं नसतं, आणि म्हणूनच पुन्हा सुरूही केलं नसतं. या वेळी सहाव्या दिवशी सुमनने हाक मारली. चष्मा माझ्या हातात दिला, समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मोठ्याने वाचा. मलाही ऐकायचंय."