इरम्माच्या लॉजवरचे दोघं

तुळजापुरात इरम्माला सगळे मावशीच म्हणतात. नवरा बंडप्पा गेल्यापासून बस स्टँडमागचं आठ खोल्यांचं लॉज ती एकटी चालवते. माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं, म्हणून कानडी तिची मायबोली. गिऱ्हाइकाशी मात्र ती मराठीच बोलते.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात शिवपुत्र आणि नंदीश नावाचे दोन चाळिशीतले पुरुष तिच्याकडं उतरले. नवस आहे म्हणाले, पण दर्शनाला काही जाईनात. दिवसभर वरच्या खोलीत पत्ते कुटायचे, फोनची वाट बघायचे आणि मावशीला काय कळतंय म्हणून तिच्यादेखत कानडीत बोलायचे. भाकरी जाड, आमटी पातळ, हे तिनं निमूट ऐकून घेतलं. ‘तो पडला, काम झालं, आता साहेबांचा फोन आला की निघू,’ असंही कानावर आलं. निवडणुकीच्या कामातली माणसं असतील, असं तिला वाटलं.

आठव्या दिवशी सकाळी कलबुर्गीचे तूरडाळीचे व्यापारी शांतलिंग बायकोला, प्रेमाबाईंना, घेऊन आले. शांतलिंगांचा उजवा हात गळ्यात बांधलेला.

“गोळी खांद्यातनं आरपार गेली, मावशी. आईनंच वाचवलं.”

लोटांगणाचा नवस त्यांनी बोलला होता. या हातानं जमणार नाही म्हणून ते प्रेमाबाई घालणार होत्या.

इरम्मा वर चहा घेऊन गेली, तर ते दोघं खिडकीतून अंगणात बघत होते.

“हा तर जिवंत हाय,” शिवपुत्र कानडीत पुटपुटला.

“देवीनं वाचवलेल्याला आपण कोण मारणार?” नंदीश म्हणाला.

“साहेबांना कळलं तर आपण मरतो. पिस्तूल तर नदीत टाकलंय. दुपारी झोपला की तोंडावर उशी दाबू.”

“ह्या उशीनं? हिच्यात कापूस तरी हाय का?”

इरम्मानं कप खाली ठेवले. अशा वेळीही उशीचं बोलणं मनाला लागलंच, असं ती अजून सांगते. बाहेर येऊन तिनं हळूच कडी घातली, कुलूप लावलं, शांतलिंग आणि प्रेमाबाईंना देवळाकडं पिटाळलं आणि पोलिसांना फोन केला. मग स्टूल ओढून जिन्यात बसली.

थोड्या वेळानं आतून दार वाजलं. “मावशी, बाहेरनं कडी लागलीय!”

“म्याच लावलीय,” ती कानडीत म्हणाली.

मग नंदीशचा आवाज आला. “तुमाला कानडी येती?”

“जन्मापासनं.”

“म्हंजी भाकरीचंबी...”

“समदं.”

“चुकलं, मावशी.”

शिवपुत्र दाराला धडका देऊ लागला. “बस की आता,” नंदीश त्याला म्हणाला, “गोळी घातली त्या दिवसापासनं डोळ्याला डोळा न्हाय. सुटू दे एकदाचं.” पोलीस आले तेव्हा दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसलेले होते.

कलबुर्गीच्या कोर्टात इरम्मानं साक्ष दिली. दोघांना शिक्षा झाली. शांतलिंग आता श्रावणात तिच्याकडंच उतरतात.

गेल्या वर्षी नंदीशची बायको गायत्री आली. कुठं उतरायचं कळेना म्हणून नव्हे, मुद्दाम आली. “आमचे हे तुमच्याशी वाईट वागले का?” तिनं विचारलं.

“न्हाय ग. ताट स्वतः घासून ठेवायचा,” इरम्मा म्हणाली.

गायत्रीनं पदर डोळ्यांना लावला. “घरी कधी घासलं न्हाय,” ती म्हणाली. इरम्मानं तिला आधी जेवायला वाढलं, आणि मग दर्शनाच्या रांगेत तिच्यासोबत जाऊन उभी राहिली.