प्रश्न न विचारणारा वर्ग

सांगायची लाजच वाटते, पण चहा येईपर्यंत ऐकून घ्या. सरकारी अनुदानावर माणसाचा पोपट कसा होतो, ते मी स्वतः करून पाहिलंय!

मी इथे जबलपुरात बी.एड. कॉलेजात शिकवतो. मागे सरकारनं माझ्या संशोधनाला अनुदान दिलं. विषय? मुलं वर्गात प्रश्न काहून विचारत नाहीत! कागदावर नाव चांगलं दीड ओळीचं होतं, पण मतलब हाच.

आणि मला खरंच कुतूहल होतं हो! घरी माझी पोरगी एका पोळीमागे दहा प्रश्न विचारते. शाळेत गेली की मौनीबाबा! मधल्या रस्त्यात होतं तरी काय?

मग काय, गोहलपुरच्या एका शाळेत, सहावीच्या वर्गात, दर मंगळवारी मागच्या बाकावर मी. हातात तक्ता. कुणी प्रश्न विचारला की एक रेघ मारायची. वर्ष सरत आलं, रेघ एक नाही! मी खूश. इतका स्वच्छ निकाल कुणाला मिळतो, सांगा?

दुसऱ्या वर्षाचं अनुदान द्यायचं की नाही, हे ठरवायला पुण्याहून एक तज्ज्ञ मॅडम आल्या. त्यांना घेऊन मी घाईघाईत वर्गात शिरलो. गणिताच्या बाई अपूर्णांक शिकवत होत्या. सगळीकडे शांतता. मी मॅडमना डोळ्यांनीच खुणावलं, बघा!

तेवढ्यात एक मुलगी उठली. "मैडम, ये सर पीछे बैठकर करते क्या हैं?"

झालं! गेला ना माझा निकाल!

बाईंच्या आधी पुण्याच्या मॅडमच हसून म्हणाल्या, "सरकार के लिए कुछ पता लगा रहे हैं."

"सरकार इनको पैसे देती है?" दुसरा उठला.

"हाँ, काम के लिए."

"सरकार के पास कहाँ से आते हैं?"

"लोगों के टैक्स से."

"मेरे पापा की वेल्डिंग की दुकान है, वो भी टैक्स देते हैं. तो वो सर से पूछ सकते हैं, क्या पता चला?"

वर्षभर कोरा राहिलेला तक्ता, आणि आता रेघा मारायला हात पुरेना. दुसऱ्या वर्षाचं अनुदान डोळ्यांदेखत हातचं चाललं होतं. मी ताडकन उठून ओरडलो, "चुप! एकदम चुप! कोई सवाल नहीं पूछेगा!"

वर्ग चिडीचूप झाला.

"अहो, हे काय करताय तुम्ही?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, एरवी असे नसतात जी हे! आजच असं काहून करून राहिले, समजत नाही. विचारा पाहिजे तर!"

त्यांनी खरंच विचारलं. "बेटा, पहले कभी क्यों नहीं पूछा?"

ती मुलगी निरागसपणे म्हणाली, "सर हर बार आते ही बोलते हैं, समझो मैं यहाँ हूँ ही नहीं, और कोई आवाज़ मत करना. आज बोलना भूल गए."

मॅडमनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं.

महिनाभरानं पत्र आलं. शेरा इंग्रजीत होता, बायकोला मी मराठी करून वाचून दाखवला. दोन दिवस हसत होती ती. 'मुलांनी प्रश्न न विचारण्याचे एक प्रमुख कारण संशोधकाने स्वतः हजर राहून सिद्ध केले आहे. अनुदान चालू ठेवावे. मात्र पुढील वर्षी सदर कारणास वर्गाबाहेर बसवावे.'