धडधडणारी जाळी

घाटकोपरच्या आमच्या घरात माझ्या सुनेएवढं, श्वेताएवढं हट्टी कोणी नाही. आणि हे मी म्हणतेय, म्हणजे बघा!

ती अंधेरीला प्रयोगशाळेत असते. देवनारच्या कत्तलखान्यातून बकऱ्याचं हृदय आणायचं, औषधी पाण्यात धुऊन धुऊन त्यातलं मांस घालवायचं. मागे राहते पांढरी जाळी, वाळलेल्या घोसाळ्यासारखी. तिच्या तुकड्यावर माणसाच्या पेशी वाढवायच्या. सगळ्या मिळून एकदम धडधडल्या, तर कधीतरी दुखावलेल्या हृदयाला ठिगळ लावता येईल. आधीच्या दोन जाळ्या मेल्या. दोन्ही वेळा पोरगी ढसाढसा रडली.

आमच्या ह्यांचं, गुणाजींचं, निम्मं हृदय अटॅकमध्ये गेलं. "गेलेला भाग परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून हे उद्या-परवाचंसुद्धा काही बोलेचनात. नवा शर्ट घेऊ म्हटलं तरी "कित्याक?"

गणपतीला कुडाळला निघायचं, तर आदल्या दिवशी श्वेता म्हणते, "आई, मी नाही येत. पेशींना रोज खायला घालावं लागतं. चुकलं की वाट लागली."

"आणि देवाचा नैवेद्य? तुझ्या पेशी देवापेक्षा मोठ्या काय गं?"

"देवाला तुम्ही सगळे आहात ना. त्यांना मीच."

डोकंच फिरलं माझं. गावाला पोचल्यावर फोनसुद्धा केला नाही. जावांनी विचारलं, तर "ताप आलाय तिला" म्हणून ठोकून दिलं.

गौरी आल्या त्या दिवशी तिचाच व्हिडिओ कॉल आला. रडत होती. तिसरीही मेली वाटतं! राग कुठल्या कुठे पळाला.

"आई, बघा ना!"

काचेच्या बशीत नखाएवढी जाळी. आकसायची, सुटायची. सगळी एकदम.

"अगो बाय माझे! अहो, इकडे या!"

हे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "ही माझ्या काळजाक लागतली?"

श्वेता म्हणाली, "नाही, बाबा. आधी उंदरांवर, मग मोठ्या जनावरांवर. माणसांपर्यंत यायला खूप वर्षं लागतील."

खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं मेलीचं? पण हे चक्क हसले.

"ऱ्हवांदे. कोणाक तरी लागतली मां?"

"त्यासाठीच तर थांबलेय, बाबा."

"मगे फुडल्या वर्सा माका थंय तुझ्या लॅबात घेवन चल. फोनात नको, माझ्या डोळ्यांनी बगूचा आसा."

पुढल्या वर्षी! ह्यांच्या तोंडून! मला रडू आवरेना. फोन ओढून घेतला आणि म्हटलं, "श्वेता, जेवलीस का गं?"