जाऊबाईंचा लाल आकडा

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी जन्मभर शिवणकाम केलं. गल्लीतल्या निम्म्या लोकांची मापं त्यांना तोंडपाठ. मुलगा नोकरीसाठी दूर देशी गेला आणि त्यानं आईला रक्तदाबाचं यंत्र पाठवलं. दंडाला पट्टा बांधून बटण दाबलं, की आकडा थेट दवाखान्याच्या संगणकात आणि मुलाच्या मोबाइलवर. जाऊबाईंनी त्याचं नाव ठेवलं चहाडखोर.

आकडा हिरवा असला की मुलगा निश्चिंत. इतका निश्चिंत, की फोनचं नाव नाही. एकदा तो लाल आला, तर पठ्ठ्याचा कामावरून लगेच फोन. जेवलीस का, झोपतेस का, असं विचारता विचारता गप्पा रंगल्या. त्या दिवशी जाऊबाई मशीनवर बसून गुणगुणत होत्या.

मग आकडे सारखेच लाल यायला लागले. मी खालच्या मजल्यावर राहते. एका सकाळी जिन्यात धापा ऐकल्या आणि बाहेर आले, तर बाईसाहेब भराभर जिना चढतायत, उतरतायत, पुन्हा चढतायत. वर गेल्या आणि तशाच धापा टाकत पट्टा बांधून बसल्या. मी चांगलंच झापलं. म्हटलं, सांगतेच त्याला.

"नको गं," त्यांनी माझा हात धरला. "मग तो कीव येऊन फोन करेल."

तिकडे डॉक्टर बिचारे आकडे बघून गोळ्या वाढवत होते. शेवटी एक दिवस मशीनवरून उठताना जाऊबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कपाळ टेबलावर आपटलं. मी डॉक्टरांना जिन्याचं सगळं सांगितलं. गोळ्या कमी झाल्या. मुलाला मात्र शब्दानं बोलले नाही, हात धरला होता ना त्यांनी.

आई पडल्याचं कळलं तसं घाबरून त्यानं दवाखान्याशी नवी व्यवस्था लावली. मला म्हणाला, "काकू, आता काळजीच नको. लाल आलं की सिस्टरच आईला फोन करतील." असा राग आला मला त्याचा!

जाऊबाईंनी जिना सोडला. काल आकडा खरोखरच लाल आला. फोन वाजताच हातातला शर्ट टाकून त्या धावल्या.

"बोल रे राजा."

पलीकडून सिस्टर म्हणाली, आजी, थोडा वेळ शांत बसा आणि पुन्हा पट्टा बांधा. तिनं फोन ठेवून दिला. जाऊबाई शांत बसल्या, फोन तसाच कानाला लावून.