एक नंबरची डीव्हीडी

कोल्हापुरात एखाद्या गोष्टीला 'एक नंबर' म्हटलं की पुढं बोलायला काही उरत नाही. मटणाचा रस्सा एक नंबर असतो, कुस्ती एक नंबर होते, आणि कुणाच्या मयताला गर्दी चांगली जमली तर तीसुद्धा एक नंबर जमते. त्यामुळे दुकानदार आमची डीव्हीडी उलटीपालटी करून म्हणाला, "ही एक नंबरची हाय, सायेब," तेव्हा बाबांचा चेहरा खुलला. "प्लेअर मातर तुमचा पाच नंबरचा हाय," हे पुढचं वाक्य ऐकून तो पडला. प्लेअर त्यांनी त्याच दुकानातून, त्याच माणसाच्या शब्दावर घेतला होता.

"विकताना तर एक नंबर म्हणाला होतात," बाबा म्हणाले.

"तवा आपलं मराठीतनं म्हणालतो. ह्यो नंबर कंपनीचा हाय."

ती डीव्हीडी माझ्या थोरल्या बहिणीनं अमेरिकेहून पाठवली होती. आई गडहिंग्लजकडची, त्यामुळे आमच्या घरात थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची पद्धत, आणि माझं ऐकून ऐकून आईही तिला अक्काच म्हणायला लागली होती. अक्का तिकडं माशांवर संशोधन करायची. ती ज्या तळ्यावर काम करायची त्या तळ्यावर कुणीतरी माहितीपट काढला होता, तो तिकडच्या दुकानांत विकायलाही आला होता, आणि त्यात थोडा वेळ ती दिसत होती. बाबांनी हे गल्लीत सांगताना 'थोडा वेळ' एवढं वगळलं होतं.

आईला माहितीपटाशी काही देणंघेणं नव्हतं. अक्का गेली ती गेलीच, एकदाही आली नव्हती. आधी शिक्षण, मग नोकरी, मग व्हिसाचं काहीतरी. दर रविवारी फोनवर ती म्हणायची, "मी मजेत आहे." आई रिसीव्हर ठेवून आम्हाला सांगायची, "फोनवर समदीच मजेत असत्यात." फोटोंवरही तिचा विश्वास नव्हता, कारण फोटो काढताना माणूस तोंड नीट करून उभं राहतं. तिला पोरगी हलताना, बोलताना बघायची होती. मग ती खरंच बरी आहे का ते कुणी सांगायची गरज नव्हती, आईला आपलं आपण कळलं असतं.

आणि नेमकी ती डीव्हीडी लागेना. प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटायची आणि चकती जीभ काढल्यासारखी बाहेर यायची. बाबांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसली. मग प्लेअर तापला असेल म्हणून त्याच्यासमोर टेबलफॅन लावला. मी ओळ वाचून दाखवत होते की भाग चुकलाय असं म्हणतंय, पण आमच्या घरात लिहिलेलं वाचण्याआधी वस्तूला चापट मारून बघायची रीत आहे. चापटा झाल्या, तेव्हा आम्ही दुकानात गेलो.

"कंपन्यांनी जगाच्या वाटण्या केल्यात," दुकानदार सांगत होता. "अमेरिकेला एक नंबर दिला, आपल्याला पाच. एकाची चकती दुसऱ्याच्या मशीनवर चालायची न्हाय."

"आणि हे कुणाला विचारून?" बाबा म्हणाले. ते नागरिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. जगाची वाटणी झाली आणि आपल्याला पत्ताच नाही, हे त्यांना फार लागलं.

"मला तर न्हाय इचारलं," दुकानदार म्हणाला. "पण तोड हाय. रिमोटवर कायतरी आकडे दाबत्यात, मग समदं चालतंय. मला ठावं न्हाईत, इंटरनेटवर बघा. दोन नंबरचं काम हाय, पर करत्यात समदी."

हे त्यानं म्हणायला नको होतं. दोन नंबरचं म्हणजे चोरवाटेचं, आणि वर्गात उभा जन्म कायदा शिकवलेल्या माणसाच्या घरात ते होणं शक्य नव्हतं. बाबा डीव्हीडी पिशवीत घालून ताठ मानेनं घरी आले. मला त्यांचा असा राग आला की मी पायरीवरच भांडले. त्यांनी मला हक्क आणि कर्तव्ये ऐकवली.

आई भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "पोरगी कुणाची?"

"आपली."

"चकती तिनं पैसं देऊन घेतल्याली. टीव्ही आपला, मशीन आपलं. मग ह्यात चोरी कुणाची झाली, तेवढं सांगा की."

बाबांनी बराच विचार केला. शेवटी ते म्हणाले की आकडे शोधायला हरकत नाही, दाबायचे की नाही ते नंतर बघू.

आकडे मी सायबर कॅफेतून उतरवून आणले. ट्रे उघडा ठेवायचा, मग क्रमानं बटणं दाबायची. आमच्या रिमोटला बाबांनी धूळ लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी घालून रबर लावलं होतं. ते काढायला बाबा तयार होईनात, आणि पिशवीवरून दाबलं की नेमका हवा तो आकडा उठेना. शेवटी वैतागून त्यांनीच माझ्या हातातून रिमोट ओढला, पिशवी काढली आणि दोन नंबरचं काम स्वतःच्या अंगठ्यानं केलं. पडद्यावर एक गुप्त यादी आली. तिथं पाच होते, मी शून्य केलं, म्हणजे कुठल्याही देशाची चकती चालते.

"पाचावरून शून्यावर आलो?" बाबा म्हणाले. त्यांना ही आणखी एक घसरण वाटली.

चित्र लागलं. पण काळंपांढरं, आणि सारखं वर सरकणारं. एक तळं वर जायचं, खालून तेच तळं यायचं. "कुठं निघालंय समदं?" आईनं विचारलं. तिकडच्या टीव्हीची रीत वेगळी आणि आपली वेगळी, हे मला तेव्हा कळलं. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार बदलायला एक जागा होती. ती सापडली आणि तळं थांबलं, निळं झालं.

मग मासेच मासे. बाबा इंग्रजीचं मराठी करून सांगायला लागले. "मासं ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली, "अक्का दावा." मी पुढं पळवत नेलं.

अक्का होडीत उभी होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात केशरी जाकीट, आणि केस मानेपर्यंत कापलेले. केसांचं ती फोनवर बोललीच नव्हती. मी आईकडं बघितलं, पण आईचं केसांकडं लक्षच नव्हतं. ती अक्काचे गाल बघत होती, मनगटं बघत होती. अक्का हातात मासा धरून इंग्रजीत भराभर काही सांगत होती. तेवढ्यात काठावरून कुणीतरी तिला हाक मारली. तिनं बोलणं अर्धं तोडलं, मान वळवली आणि मोठ्यानं ओरडली, "आलो, आलो!"

आमच्याकडं बायकाही 'आलो'च म्हणतात. स्वयंपाकघरातून आईची हाक आली की आम्ही दोघी असंच ओरडायचो, आणि मग तासभर हलायचो नाही. काठावर एक ढेरपोट्या म्हातारा गोरा उभा होता. त्यानं हात वर केला आणि त्याच सुरात ओरडला, "आलो!" होडीतले सगळे हसले. अक्का तर इतकी हसली की मासा हातातून सुटला.

बाबा खूश झाले. "बघ, अमेरिकेला मराठी शिकवलं पोरीनं."

"त्येंलाबी कळतंय व्हय, आलो म्हणलेलं?" आईनं विचारलं.

"कळतंय की. रोज म्हणत असणार."

"बरी हाय मग ती," आई म्हणाली. तिनं डोळ्यांना पदर लावला. "लई बरी हाय. आता कशाला येती हिकडं."

एवढे दिवस हेच तर तिला कळायला हवं होतं, आणि कळल्यावर ती रडत होती. मला अक्काचा रागही आला आणि ती तिथं अशी हसते याचा आनंदही झाला. बाबा रिमोटला परत पिशवी घालायला लागले.

"ऱ्हाऊ दे ते," आई म्हणाली. "तिचं तेवढं परत लावा."

मी मागं नेलं. होडी आली, मासा आला, काठावरून हाक आली. अक्का वळून ओरडली, "आलो, आलो!"

आई टीव्हीकडं बघत म्हणाली, "ये की."